सात पावसाळे

जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चच्या गर्दीतून बाहेर पडून पश्चिमेची टेकडी चढलं, की सेंट ऑगस्टीन चर्चचा मनोरा समोर येतो. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, 46 मीटर उंच, वरून खाली उभा चिरल्यासारखा. गाइड लोक इथे जॉर्जियाच्या केतेवान राणीची गोष्ट सांगतात. तिचे अवशेष याच ढिगाऱ्यात कसे सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची ओळख कशी पटली, 2021 मध्ये ते जॉर्जियाला कसे दिले. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. मला मात्र तिथे उभं राहिलं की वेगळीच वजाबाकी सुचते. हे चर्च 1602 मध्ये पुरं झालं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना घालवून दिलं आणि ते ओस पडलं. 1842 च्या सप्टेंबरात त्याचं कमानदार छत खाली आलं.

म्हणजे माणसं होती तोवर 233 वर्षं छत जागेवर होतं. माणसं गेल्यावर त्याला पुरले फक्त सात पावसाळे.

पुढचं सगळं त्या एका पडझडीमागून आलं. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला, 1938 मध्ये आणखी काही. घंटा तेवढी वाचली, कारण ती आधीच काढून नेली होती. 1871 पासून ती पणजीच्या चर्चच्या घंटाघरात आहे. ज्या घंटेचा आवाज पणजीकर रोज ऐकतात ती मुळात या टेकडीवरची.

जुन्या इमारतींबद्दल आपण बोलतो तेव्हा 'केवढं भक्कम बांधकाम, शेकडो वर्षं टिकलं' असं म्हणून मोकळे होतो. बांधकाम भक्कम होतं यात वाद नाही. पण ते शेकडो वर्षं आपोआप टिकलेलं नाही. दर वर्षी कुणीतरी वर चढत होतं म्हणून टिकलं. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गोव्यातल्या चर्चना आज मोठ्या प्रकल्पांपेक्षा कायम पगारावरच्या गवंड्यांच्या एका टोळीची जास्त गरज आहे, आणि ती नेमायची नसेल तर बाकीचा खर्च बराचसा वाया आहे. हे पटवायचं तर आधी छताबद्दल थोडं बोलावं लागेल.

गळ्यातली साखळी काढून दोन्ही टोकं दोन हातांत धरा. ती खाली झोळीसारखी लोंबते. तिच्यात नुसता ताण असतो, दाब कुठेच नसतो. आता हाच आकार तसाच्या तसा उलटा करून दगडात उभा केला असं समजा. ताणाच्या जागी सगळीकडे नुसता दाब येईल, आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1675 मध्ये एका अक्षरांच्या कोड्यात लपवून छापलं. उलगडा लोकांना त्याच्या मृत्यूनंतर कळला. पुढे 1740 च्या दशकात रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला भेगा पडल्या तेव्हा जोव्हान्नी पोलेनी याने खरोखरच साखळीला वजनं बांधून ती टांगून पाहिली आणि घुमट पडणार नाही असा निष्कर्ष काढला. खबरदारी म्हणून लोखंडी कडी घालायला सांगितलं, बस. आधी निदान, मग औषध. आपल्याकडे भेग दिसली की सिमेंट कालवायला घेतात, म्हणून हा किस्सा सांगितला.

गोव्यातल्या गवंड्यांनी हूक वाचला नव्हता, वाचायची गरजही नव्हती. खाली लाकडाचा साचा उभा करायचा. दोन्ही भिंतींकडून एकेक चिरा सारख्या वेगाने चढवत आणायचा. एका बाजूने पुढे पळायचं नाही, नाहीतर साचा कलतो. शेवटी माथ्यावरचा कळीचा चिरा बसवायचा आणि साचा हळूहळू उतरवायचा. त्या क्षणी छत थोडं खाली बसतं, सांधे घट्ट होतात, आणि मग ते आपल्या वजनाने भिंतींना बाहेर रेटायला लागतं. हा रेटा कधी थांबत नाही. रात्री चर्च बंद असतं तेव्हाही छत भिंतींना रेटत असतं आणि जाड भिंती त्याला थोपवून धरतात. जुन्या गोव्यातल्याच से कॅथेड्रलमध्ये मधल्या लांब भागावरचं पिंपासारखं गोल छत पाहताना हे लक्षात ठेवलं तर भिंती एवढ्या जाड का हा प्रश्न पडत नाही. सेचं काम 1562 मध्ये सुरू झालं आणि 1619 मध्ये इमारत पुरी झाली. 1776 मध्ये तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. तिचं एका मनोऱ्याचं रूप आता सगळ्यांच्या इतकं डोळ्यांत बसलंय, की दुसरा मनोरा उभा केला तर तोच विचित्र वाटेल.

अशा छताला सगळ्यात मोठी भीती पाण्याची. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक कौल सरकतं. पाणी छताच्या पाठीवर येतं, बाजूंच्या भरावात मुरतं. भराव जड होतो. सांध्यातला चुना धुपतो. पक्ष्याने टाकलेलं पिंपळाचं बी त्या ओलीत रुजतं. पहिल्या वर्षी दोन पानं असतात, हाताने उपटता येतात. चौथ्या वर्षी मुळं मनगटाएवढी होतात आणि मग झाड काढायचं म्हणजे सांधा उकलायचा. चिरा तर सच्छिद्रच. खाणीतून काढल्यावर मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवेत कडक होतो, पण वर्षानुवर्षं भिजत राहिला की पुन्हा मातीच्या वळणावर जातो.

कोकणातल्या माणसाला यात नवीन काही नाही. मे महिन्यात घर शाकारायचं, नळे परतायचे, फुटके बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचा, पावसाकडच्या भिंतीला झापं बांधायची. वडील दर वर्षी शिडीवर चढून हे करायचे आणि आम्हा मुलांना नळे हातोहात वर द्यावे लागायचे. कुणी त्याला संवर्धन म्हणत नव्हतं. सेंट ऑगस्टीनमध्ये 1835 नंतर नेमकी ही शाकारणी थांबली.

आता बॉम जेझूसकडे येऊ. कारण सध्याचा खरा वाद तिथे आहे. 1594 ला पाया घातला, 1605 मध्ये चर्च वापरात आलं. दर्शनी भागातले कोरीव खांब काळ्या बेसाल्टचे, तो दगड थेट वसईहून आणलेला. बाकी सगळा चिरा. दर्शनी भाग सोडला तर बाहेरच्या सगळ्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या एका वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो खरवडून काढला. दगड उघडा पडला की इमारत प्राचीन दिसते, अशी तेव्हाची आवड. एखाद्या पुरुषाने कोकणच्या पावसात सदरा काढून उभं राहावं, म्हणजे रांगडा दिसेल, असला हा प्रकार. तेव्हापासून या भिंती उघड्याने पाऊस खात आहेत. चर्चची मंडळी गेली काही वर्षं गिलावा परत करा म्हणून मागणी करत आहेत. उलट बाजूने सांगितलं जातं की आता हेच लाल रूप जगाला माहीत आहे, 1986 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं तेही याच रूपात, आणि संवर्धनाचा नियम असा की हाताशी आहे ते जपावं, नवं चढवू नये.

हा दुसरा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जॉन मार्शल यांनी 1923 मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी नियमपुस्तिका लिहिली, तिचा गाभाच हा होता की जुन्याला नवं करू नका. त्या शिस्तीमुळे कितीतरी वास्तू हौशी रंगरंगोटीतून वाचल्या. पण गिलावा ही रंगरंगोटी नव्हे. तो भिंतीचा भाग असतो, आणि असा भाग की जो झिजण्यासाठीच लावलेला असतो. पाऊस त्याला खातो आणि आतला दगड वाचतो. वीस-तीस वर्षांनी तो पुन्हा करायचा. दगड पुन्हा करता येत नाही. राहिला रूपाचा प्रश्न. ज्या दर्शनी भागासमोर उभे राहून लोक फोटो काढतात त्याला गिलावा कधी नव्हताच. बाजूच्या आणि मागच्या भिंती पांढऱ्या केल्या तर कुणाच्याही फोटोत काडीचा फरक पडणार नाही. मग सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या बाजूपासून सुरुवात करायला अडचण कसली?

अडचण आहे, पण ती वेगळी आहे. गिलावा करणार कोण?

इथे मला आमच्या गावची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या गाभाऱ्यावरचा घुमट गळायला लागला. घुमट जुना, चिऱ्याचा, चुन्यातला. गावाने वर्गणी काढली आणि वरून सिमेंटचा जाड थर मारला, त्यावर पाणी अडवणारा रंग. वर्गणीचं पुस्तक घेऊन घरोघर फिरणाऱ्यांत मीही होतो. पहिले दोन पावसाळे आम्ही खूश. तिसऱ्या वर्षी घुमटाच्या आतल्या बाजूला पांढरा लोणा फुलला. मग पोपडे धरले, मग पुजाऱ्याच्या ताटात भुकटी पडायला लागली. झालं असं होतं की बारीक भेगांतून पाणी आत जातच होतं, पण बाहेर पडायची वाट आम्ही बंद केली होती. चुना श्वास घेऊ देतो. दगडात शिरलेली ओल उन्हाळ्यात त्याच्यातून निघून जाते. केसाएवढी भेग पडलीच तर चुना पाण्यात थोडा विरघळून, पुन्हा बसून, ती बुजवतोही. सिमेंट दगडापेक्षा कडक. त्याच्या मागे कोंडलेली ओल क्षार घेऊन दगडातच सुकते, क्षारांचे खडे फुगतात आणि चिऱ्याची कातडी उडवतात.

चूक कळल्यावर आम्ही चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधायला लागलो. तीन तालुके फिरल्यावर एक म्हातारे गवंडी सापडले, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी घुमट पाहिला, नखाने सिमेंट खरवडलं आणि एकच विचारलं, "घाणी कोण फिरवतलो?"

प्रश्न बरोबर होता. शिंपल्या भट्टीत भाजायच्या, कळीचा चुना भिजवायचा, दिवसचे दिवस मुरू द्यायचा. मग गोल चरात वाळू-चुना टाकून वरून दगडी चाक फिरवायचं, हीच घाणी. पूर्वी बैल असायचे. त्यात कुणी गुळाचं पाणी घालतो, कुणी बेलफळाचा चीक, कुणी हिरडा. प्रत्येक घराण्याचं गणित निराळं. आणि मग हाताने थापत, ओला ठेवत, उन्हापासून जपत आठवडे काढायचे. ठेकेदाराला हे परवडत नाही. सरकारी कामाची निविदा कमीत कमी दराला जाते, पैसा मार्चअखेर सुटतो, मेअखेर काम आवरायचं असतं कारण जूनला पाऊस. एवढ्या वेळात चुना नीट मुरतही नाही. कागदावर 'पारंपरिक चुन्यात काम' असं लिहिलेलं असलं, तरी काम आवरण्याची घाई ज्याला आहे त्याच्या हातून गोणीतलं काहीतरी मिसळलं जाणारच. पुरातत्त्व खात्याच्या 2014 च्या संवर्धन धोरणात पारंपरिक कारागिरांना मानाचं स्थान दिलंय. धोरण चांगलं आहे. पण कारागीर धोरणावर जगत नाही, रोजगारावर जगतो, आणि तीन वर्षांतून एकदा तीन महिने मिळणाऱ्या कामावर कुठला पोरगा चुना शिकेल?

पॅरिसच्या नोत्र दामचं उदाहरण आता कुणीही देतो, पण त्यातून चुकीचा धडा घेतला जातो. 15 एप्रिल 2019 ला तिथलं लाकडी छप्पर जळालं. 96 मीटर उंचीचा कळस खालचं दगडी छत फोडून आत पडला. बाकीचं छत मात्र पेटतं लाकूड आणि वितळतं शिसं पाठीवर घेऊन टिकलं. म्हणून खालची वेदी, वाद्य, रंगीत काचा बऱ्याच वाचल्या. दगडी छताचं हेही एक काम असतं, आग आणि माणसं यांच्यामध्ये उभं राहणं. डिसेंबर 2024 मध्ये चर्च पुन्हा उघडलं. लोक म्हणतात, त्यांच्याकडे 84 कोटी 60 लाख युरोंच्या देणग्या होत्या, आपल्याकडे कुठे?

पैसा होताच. पण पैशाने कुऱ्हाडीने ओक तासणारे सुतार पाच वर्षांत तयार होत नाहीत. ते आधीपासून होते. बरगंडीत गेडेलों नावाच्या ठिकाणी 1997 पासून काही वेडे लोक तेराव्या शतकातल्या हत्यारांनी एक नवा कोरा किल्ला बांधताहेत. कशासाठी, असं लोक विचारायचे. नोत्र दामचं छप्पर उभं करताना तिथे हात घोटलेले सुतार कामाला आले. शिवाय आगीच्या पाच वर्षं आधी, 2014 मध्ये, दोन वास्तुविशारदांनी त्या छपरातलं लाकूड न् लाकूड मोजून नकाशे करून ठेवले होते. म्हणून जळालं ते नेमकं काय होतं हे माहीत होतं. जुन्या गोव्यातल्या प्रत्येक छताचं असं मोजमाप चिऱ्याचिऱ्यानिशी व्हावं आणि ते लोकांना पाहायला मिळावं, एवढी मागणी तरी फुकटात करता येण्यासारखी आहे.

स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलची कार्यशाळा तेराव्या शतकापासून चालू आहे. चर्च बांधून झालं म्हणून कुणी तिला कुलूप लावलं नाही. कोलोनचं कॅथेड्रल 1248 ला सुरू होऊन 1880 ला पुरं झालं, तरी त्याच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर परांची असतेच. या कार्यशाळांमधल्या कामाच्या परंपरेला 2020 मध्ये युनेस्कोने दखल घेऊन मान्यता दिली. तिथे पाथरवट, सुतार, लोहार पगारावर असतात, पोरं हाताखाली शिकतात, म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागेपर्यंत पोराचा बसलेला असतो. मला जुन्या गोव्यात हेच हवंय. वीस-पंचवीस माणसं. एक चुन्याची घाणी, मोटरवर चालली तरी हरकत नाही. चुना मुरवायची टाकी. पुरातत्त्व खातं, राज्य सरकार आणि चर्च यांनी मिळून पगार द्यावा. वर्षभर काम संपणार नाही, उलट पुरणार नाही. सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनासाठी दर दहा वर्षांनी रस्ते, मंडप, दिवे यांवर खर्च होतो. नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये झालाच. लाखो लोक येतात, तो खर्च टाळता येत नाही. पण मधल्या नऊ वर्षांत छतावर कोण चढतं?

यावर मराठी माणूस दबक्या आवाजात एक प्रश्न विचारतो, कधी मोठ्यानेही. चर्चसाठी आपण का? 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह तपासणारं चर्चचं न्यायालय, आलं, देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, न्यावी लागली. हे खरं आहे आणि चर्चच्या माहितीफलकावर ते लिहिलं जावं असंही मला वाटतं. पण अंत्रुजातली आजची देवळं नीट बघा. तेच घुमट, त्याच गोल कमानी, तोच चिरा, तोच चुना. मंगेशीचा गवंडी आणि सेचा गवंडी यांची विद्या एकच, बहुधा आडनावंही. चर्चचं छत सांभाळणारा माणूस उरला नाही तर देवळाचा घुमटही सांभाळणारा उरणार नाही, हे मी आमच्या गावात पाहून बसलोय. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा नाशिकला, मेणवलीला, भीमाशंकरला नेल्या आणि त्या अजून देवळांत वाजतात. घंटा वाहून नेता आल्या. छपरं कुणी नेली नाहीत, कुणी राखलीही नाहीत. वसईच्या किल्ल्यातल्या त्या चर्चमध्ये आज वर पाहिलं की आभाळ दिसतं.

सेंट ऑगस्टीन पुन्हा बांधा असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. तसा विचार कुणाच्या डोक्यात आला तर त्याला विरोध करणाऱ्यांत मी असेन. ते पडलेलं आहे तसंच राहू द्यावं. गवत काढावं, उरलेल्या मनोऱ्याचे सांधे चुन्याने भरावेत, पुरे.

आमच्या देवळाचं सांगतो. म्हाताऱ्या गवंड्यांनी दोन पोरं हाताखाली घेतली, एक त्यांचा नातू आणि एक आयटीआय सोडलेला. घाणीला बैल मिळाला नाही. जुन्या जीपचं इंजिन जोडलं. घुमटाची नैर्ऋत्येकडची बाजू, जिथे पाऊस सगळ्यात जास्त लागतो, तेवढी सिमेंट छिनीने उडवून चुन्यात केली. त्याला एक अख्खा हिवाळा गेला. गेल्या पावसाळ्यानंतर आतून पाहिलं, तर त्या बाजूला लोणा नाही. बाकी तीन बाजूंची वर्गणी अजून जमायची आहे, आणि पुस्तक पुन्हा माझ्याकडेच आहे.